लशीने मुली वांझ होतात? मग बार्शीत बाळंतपणं कुणाची झाली?

फॅमिली ग्रुपवरचा एक फॉरवर्ड वाचून आमच्या वहिनींनी पुतणीचं संमतिपत्र कोरंच परत पाठवलं. फॉरवर्ड असा: 'संस्थावाल्या बायका शाळेत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस टोचतात. तिने मुली वांझ होतात. २००९ मध्ये सात मुली मेल्या, ते दडपलं. सगळा परदेशी पैसा. आणि एवढ्या लहान पोरींना ही लस कशाला? बिघडवायला!'

आधी वांझपणाचं बघू, कारण घाबरवायचं काम तेच करतं. या लशीत एचपीव्हीच्या, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या आणि शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूच्या, कवचाचं नुसतं प्रथिन असतं. जिवंत विषाणू नाही, हार्मोन नाही. आणि पुरावा हवा तर लंडन-अमेरिकेला जायला नको, बार्शीला जा. २००९ मध्ये देशातल्या नऊ केंद्रांवर १० ते १८ वयाच्या मुलींना ही लस देऊन अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शी, पुणे, मुंबई होती. या मुलींच्या तपासणीची वेळ काय ठरली होती? लग्नानंतर १८ महिन्यांनी किंवा पहिल्या बाळंतपणानंतर ६ महिन्यांनी, जे आधी होईल ते. बाळंतपणं झाली म्हणूनच तर हे वेळापत्रक चाललं! गंमत पुढेच आहे. २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून गदारोळ होऊन सरकारने लसीकरण थांबवलं, आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवल्यावर २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त निष्कर्ष आला: एका डोसनेही विषाणूच्या कॅन्सर घडवणाऱ्या दोन मुख्य प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण.

सात मुलींचे मृत्यू खरे आहेत. तो प्रकल्प वेगळा, 'पाथ' या परदेशी संस्थेचा, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्याचा. कुणी पाण्यात बुडून गेली, कुणी सर्पदंशाने, कुणी मलेरियाने, कुणी कीटकनाशक पिऊन. दोघींचं कारण पक्कं ठरलं नाही. सरकारी चौकशीला लशीशी संबंध आढळला नाही. पण दडपलं म्हणाल तर संसदीय समितीने २०१३ मध्ये जाहीर अहवालात त्या संस्थेला चांगलंच झोडपलं, आणि योग्यच केलं. आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. हा गुन्हा लशीचा नाही, संस्थेचा. म्हणून शाळेत कुणी आलं तर कागद घरी मागवा, वाचा, प्रश्न विचारा, मग सही करा.

परदेशी पैसा? त्या प्रकल्पात होता, कबूल. आज मात्र 'सर्वाव्हॅक' ही लस पुण्यातच बनते.

राहिलं बिघडणं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन कुणी गंजके खिळे शोधत फिरत नाही. लहान वयात द्यायची, कारण विषाणूशी संबंध येण्याआधी दिली तरच लस पुरेपूर काम करते. झालेला संसर्ग ती बरा करत नाही.