‘स्विच बदलला असता तर...’ : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सीए ऑफिसच्या मंदावलेल्या फाइल सर्व्हरवर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: नेटवर्कचा स्विच (सगळ्या मशीन्सच्या केबली एकत्र येतात ती पेटी) बदलला असता तर अर्ध्या तासात काम झालं असतं, नाहीतर सरळ विंडोज १० वर परत जायचं, आणि ‘एसएमबी साइनिंग (विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या निरोपांवरची सही) बंद करा’ असं सांगून मी लोकांना खड्ड्यात घालतोय. शेवटचं मान्य. पण आधी स्विच.

संशय माझाही तिथेच होता. म्हणून नॅसच्या डब्याची (ऑफिसचा तो फाइल सर्व्हर, नेटवर्कवर फायली ठेवणारं छोटं यंत्र) केबल काढून माझ्या लॅपटॉपला लावली आणि रिसेप्शनच्या पीसीवरून आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं टूल) चालवलं. सेकंदाला ९४० मेगाबिट, म्हणजे साधारण ११७ एमबी. गिगाबिट लाइनवर याहून जास्त काय मिळणार? तीच केबल, तोच पोर्ट, तोच स्विच. मग डबा परत जोडून २ जीबीची बॅकअप फाइल ओढून पाहिली. विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड न झालेल्या पीसीवर सेकंदाला ८५ एमबी, झालेल्यावर २२. आणि ही २२ वाली कॉपी चालू असताना डब्याच्या अ‍ॅडमिन पानावर सीपीयू १०० टक्क्यांना चिकटलेला.

विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून (ऑक्टोबर २०२४) साइनिंग सक्तीचं झालंय. म्हणजे ये-जा करणाऱ्या प्रत्येक निरोपावर सही. फाइल वाचताना ती सही करायची सर्व्हरने, म्हणजे डब्यातल्या त्या म्हाताऱ्या एआरएम चिपने, जिच्यात एईएससाठी (ही सही ज्या गणिताने बनते ते) वेगळं हार्डवेअरच नाही. पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड द्यायची खिडकी) गेट-एसएमबीकनेक्शनला ‘साइन्ड’चा रकाना मागितला, ट्रू, म्हणजे सही होतेय. एकाच पीसीवर सक्ती काढून पुन्हा जोडलं, तर ८३. आता यात स्विच कुठे बसवू सांगा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या ऑफिसात शेकडो लोकांचे पॅन आणि बँक स्टेटमेंट पडलेत, तिथे परत जायला मी तरी सांगणार नाही.

आता माझी चूक. चाचणीपुरतं एका पीसीवर केलेलं मी लेखात सगळ्यांना करायला सांगितलं. ही सेटिंग एका सर्व्हरपुरती नसते, ते मशीन ज्या ज्या सर्व्हरला जोडलं जाईल तिथे ती लागू होते. आर्टिकलशिपच्या मुलांचे लॅपटॉप रोज क्लायंटकडे, त्यांच्या वायफायवर असतात. तिथे कुणी मध्ये बसून फायलींत फेरफार केला तर तो पकडणारी सहीच मी काढायला लावत होतो. तुमची प्रतिक्रिया आली त्याच संध्याकाळी लेखातला तो परिच्छेद खोडला.

ऑफिसात शेवटी काय केलं? माळ्यावर पडलेला चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह डेस्कटॉप खाली काढला, नवी डिस्क घातली, डेबियन (लिनक्स) आणि सांबा (फाइल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) टाकलं. त्या प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय, म्हणजे एईएससाठीचं ते हार्डवेअर, आहे. सगळीकडे साइनिंग चालू ठेवून १०५ एमबी मिळतात. (सीएसाहेबांचा प्रश्न एकच: “लाइट बिल किती वाढेल?” डब्यापेक्षा वाढेल, हे सांगून टाकलं.)

तुमच्याकडे कॉपी नीट होते पण ‘धिस पीसी’ उघडायलाच वीसेक सेकंद लागतात म्हणालात, ते दुखणं वेगळं. कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट यूज’ टाइप करा. भंगारात गेलेल्या एखाद्या मशीनकडे बोट दाखवणारा मॅप केलेला ड्राइव्ह (सर्व्हरवरचं फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडलेलं) अजून यादीत असेल, तर एक्सप्लोरर त्याचीच वाट बघत बसतो. तो काढा आणि किती सेकंद लागतात ते इथेच कळवा.