‘गुलामांना कुठे लिहिता येत होतं?’

परवा रात्री साडेअकराला पुतणीचा मेसेज: ‘आत्या, हे खरं आहे का गं?’ खाली तिच्या बाबांनी, म्हणजे आमच्या दादाने, घरच्या ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड. ती इंग्रजीत एम.ए. करतेय, या सत्रात तिला गुलामगिरीतून पळून सुटलेल्या हॅरिएट जेकब्जचं आत्मचरित्र आहे, आणि पोरीची दोन वर्षं फुकट चाललीत असं दादाचं जाहीर मत आहे. त्याला हा फॉरवर्ड म्हणजे आयतंच कोलीत मिळालं.

लाल बाण आणि जोडलेले हात गाळले तर उरतं ते एवढं: अमेरिकेतले काळे गुलाम निरक्षर होते, त्यांची ‘आत्मचरित्रं’ गुलामगिरीविरोधी गोऱ्या चळवळ्यांनी लिहून त्यांच्या नावावर खपवली. दोन, मालकाकडे त्यांना खायला-ल्यायला भरपूर होतं. तीन, ही पुस्तकं म्हणजे नुसतं रडगाणं. चार, आपला काय संबंध? शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. दादाने तेही मनोभावे केलं.

चौथ्यावर वेळ घालवत नाही. दादा, तुझ्या कपाटात महात्मा फुले समग्र वाङ्मय आहे, एकदा उघड. ‘गुलामगिरी’ १८७३ची. ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली आहे, ते बघ आणि मग संबंध विचार.

आता पहिला मुद्दा, कारण खरं विष तिथे आहे. बहुसंख्य गुलामांना लिहिता येत नव्हतं, कबूल. का येत नव्हतं, हे मात्र फॉरवर्डवाल्याने सोयीस्करपणे गिळलंय. येऊ नये म्हणून कायदे होते! नॉर्थ कॅरोलायनात १८३० साली कायदा झाला. गुलामाला लिहा-वाचायला शिकवणाऱ्या गोऱ्याला दंड किंवा कैद, आणि गुलामानेच दुसऱ्या गुलामाला शिकवलं तर उघड्या पाठीवर ३९ फटके. शिकवायला बंदी करायची आणि वर ‘यांना कुठे लिहिता येतं’ म्हणायचं. हा युक्तिवाद आपल्याकडच्या कुणाला नवा वाटू नये.

तरी लोक शिकलेच. गुलामीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसला लहानपणी बाल्टिमोरमध्ये मालकीणबाईंनी मुळाक्षरं शिकवायला घेतली, तेवढ्यात नवऱ्याने अडवलं. शिकला की गुलाम म्हणून कामाचा राहत नाही, असं त्याचं म्हणणं. पोराने ते बरोबर ऐकलं आणि उलटा अर्थ घेतला. निरोपाला पाठवलं की खिशात पाव घेऊन जायचा, रस्त्यातल्या भुकेल्या गोऱ्या पोरांना तो द्यायचा आणि बदल्यात धडा घ्यायचा. लिहायला शिकला जहाजाच्या गोदीत. सुतार लाकूड तासून झालं की ते जहाजाच्या डाव्या बाजूला (लारबोर्ड) लागणार असेल तर त्यावर ‘एल’ लिहीत, उजव्या बाजूला (स्टारबोर्ड) लागणार असेल तर ‘एस’. ती अक्षरं त्याने उचलली. पाटी म्हणजे कुंपणाच्या फळ्या आणि विटांची भिंत, लेखणी म्हणजे खडूचा तुकडा.

१८४५ साली त्याचं आत्मचरित्र बॉस्टनला छापून आलं, मुखपृष्ठावर ‘स्वतः लिहिलेलं’ असं ठळक. लगेच डेलावेअरच्या थॉम्पसन नावाच्या गृहस्थांनी वर्तमानपत्रात लिहिलं, की या फ्रेडरिकला मी मेरिलँडमध्ये ओळखत होतो, साधा अडाणी माणूस, हे पुस्तक त्याच्या हातून होणंच शक्य नाही. म्हणजे दादाचा फॉरवर्ड १८४५ सालचा आहे. डग्लसने काय करावं? त्याने थॉम्पसनचे जाहीर आभार मानले! इतके सफाईदार बोलणारा माणूस कधी गुलाम असूच शकत नाही, अशी लोकांची शंका होती. तो खरोखर तिथला गुलाम होता हे थॉम्पसनने आपल्याच हाताने लिहून दिलं होतं.

आता पुतणीची हॅरिएट जेकब्ज. इथे मला जरा नमतं घ्यावं लागतं. तिचं पुस्तक १८६१चं, टोपणनावाने छापलेलं, संपादक लिडिया मारिया चाइल्ड ही गोरी बाई. पुढे शंभरेक वर्षं पुष्कळ अभ्यासक ते चाइल्डबाईंचंच किंवा कादंबरीसारखं रचलेलं मानत होते. १९७२ साली गुलामांच्या जीवनावर नाव घेण्यासारखं पुस्तक लिहिणाऱ्या जॉन ब्लासिंगेम या इतिहासकारानेही ते अविश्वसनीय म्हणून बाजूला सारलं. फॉरवर्डवाल्याने हे तरी वाचलं असतं तर मी त्याला मानलं असतं.

पण मग जीन फॅगन येलिन या अभ्यासक आल्या. रॉचेस्टर विद्यापीठात जेकब्जने एमी पोस्ट या मैत्रिणीला लिहिलेली पत्रं होती. स्पेलिंगच्या चुका असलेली, विरामचिन्हं गायब, पण बोलण्याची धाटणी पुस्तकातलीच, आणि पुस्तक लिहिताना काय काय अडतंय याच्या तक्रारी. येलिननी १९८१ साली पुरावे मांडले, १९८७ साली टीपांसह आवृत्ती काढली, पुस्तकातल्या टोपणनावांमागची माणसं कागदपत्रांतून शोधून काढली. तेव्हापासून या वादात दम उरलेला नाही.

त्याच पत्रांतून कळणारी गोष्ट तर दादाने दोनदा वाचावी. आधी जेकब्जची इच्छा होती की ‘अंकल टॉम्स केबिन’ या गुलामगिरीविरोधी गाजलेल्या कादंबरीवाल्या स्टोबाईंनी आपली हकिगत लिहावी. स्टोबाईंना ती आपल्या पुस्तकात एक पुरावा म्हणून वापरायची होती. वर त्यांनी खातरजमेसाठी त्या हकिगतीचा खासगी मजकूर जेकब्ज जिच्या घरी मुलं सांभाळत होती, त्या बाईकडेच धाडला. जेकब्ज भडकली, नको म्हणाली आणि रात्री पोरं झोपल्यावर स्वतः लिहायला बसली. गोऱ्या बाईने लिहून नावावर खपवलं म्हणे! इथे जगप्रसिद्ध गोऱ्या बाईला नकार देऊन पुस्तक झालंय.

आणि लिहिलं काय, तर मालकापासून आजीच्या घरावरच्या माळ्यात जवळजवळ सात वर्षं लपून काढल्याचं. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, उंच बाजूला तीन फूट. उभं राहायची सोयच नाही. गिरमिटाने भोकं पाडत पाडत तिने इंचभराचा झरोका केला. त्यातून खाली आपली मुलं दिसायची, पण त्यांना हाक मारता येत नव्हती.

दुसरा मुद्दा, भरपूर खाणं-लेणं. डग्लसच्या पुस्तकातलाच हिशेब देते. मोठ्या माणसाला महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस किंवा मासळी आणि एक बुशेल (साधारण ३५ लिटरचं माप) मक्याचं पीठ. कामाला न लागलेल्या मुलांना वर्षाला दोन जाडेभरडे सदरे. ते फाटले की पुढच्या वाटपापर्यंत नागडं. मुलांना शिजवलेलं पीठ डोणीत ओतून जमिनीवर ठेवायचे. ती शिंपल्यांनी, हातांनी ओरबाडून खायची. संपला मुद्दा.

राहिलं रडगाणं. गुलामीतून सुटून ओहायोतल्या डेटनला राहणाऱ्या जॉर्डन अँडरसनला १८६५ साली जुन्या मालकाचं पत्र आलं, टेनेसीला परत कामाला ये म्हणून. त्याने जे उत्तर दिलं, ते चाइल्डबाईंनी त्याच वर्षीच्या आपल्या संग्रहात घेतलं. हे उत्तर त्याने सांगून लिहून घेतलं होतं, फॉरवर्डवाल्याला इथे एक गुण. मजकूर असा: येतो, पण तुमची दानत कळावी म्हणून आधी थकलेला पगार पाठवा. माझी ३२ वर्षं, महिना २५ डॉलर. बायकोची २० वर्षं, आठवड्याला दोन डॉलर. एकूण ११,६८० डॉलर, वर व्याज. त्यातून आमच्या कपड्यांचे, माझ्याकडे डॉक्टर तीनदा आला होता त्याचे आणि बायकोच्या एका उपटलेल्या दाताचे पैसे वजा करा.

खाली ताजा कलम: जॉर्ज कार्टरला नमस्कार सांगा, आणि तुम्ही माझ्यावर गोळ्या झाडत होतात तेव्हा त्याने तुमच्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं, त्याबद्दल त्याचे आभार माना.