पडद्याच्या ऑपरेशनातला निळा रंग आणि तो फॉरवर्ड

‘पडद्याच्या ऑपरेशनात डोळ्यात कपड्यांचा रंग टोचतात. त्याची तपासणी झालेलीच नाही. तो डोळ्यात कायम राहतो. डॉक्टरांना रंगाशिवाय ऑपरेशन करायला सांगा.’ हा मेसेज वाचून मामींनी मॅक्युलर होलचं, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी पडलेल्या छिद्राचं, ऑपरेशन पुढे ढकललं. होल जितकं जुनं, तितकी नजर सुधारण्याची आशा कमी, हे मेसेज पाठवणाऱ्यांना कुणी सांगायचं?

या ऑपरेशनात पडद्यावरचा एक पातळ थर सोलतात, आणि तो दिसावा म्हणून वापरतात तो निळा रंग ब्रिलियंट ब्लू. तो मुळात लोकर रंगवायला निघाला, एवढं खरं. पण डोळ्यात जातं ते शुद्ध केलेलं, निर्जंतुक, ०.०२५ टक्के द्रावण. तेही थोडंसं, आणि काही सेकंदांत परत ओढून घेतात.

‘तपासणी झालेलीच नाही’ हे धडधडीत खोटं. २००६ साली जपानमध्ये एनाइदा आणि सहकाऱ्यांनी तो उंदरांच्या डोळ्यांत तपासला. ईआरजी, म्हणजे पडद्याचा विद्युत प्रतिसाद, घटला नाही. जास्त मात्रेत मात्र आतल्या थरातल्या पेशींत पोकळ्या दिसल्या. मात्रा किती ठेवायची, हे अशाच कामातून ठरतं. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये त्याला मान्यता दिली.

प्रयोगशाळेत पडद्याखालच्या पेशी प्लेटमध्ये वाढवून त्यांवर रंग ठेवतात, धुतात आणि एमटीटी चाचणीने किती पेशी जिवंत आहेत ते मोजतात; त्यात जिवंत पेशी जांभळा रंग तयार करतात आणि यंत्र तो मोजतं. इथे एक खोच आहे: रंग नीट धुतला नाही, तर त्याचा निळेपणाच यंत्र मोजतं आणि मेलेल्या पेशी जिवंत वाटतात. म्हणून पेशी नसलेला, फक्त रंगाचा एक खाना सोबत लावावाच लागतो. ऑपरेशनातल्या दिव्याचा प्रखर उजेड पाडूनही तपासावं लागतं.

भीतीला आधार आहे तो वेगळ्या रंगात. इंडोसायनिन ग्रीनची पावडर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवली, तर द्रावणाची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, शरीरातल्या नेहमीच्या ३०० च्या बरीच खाली जाते आणि पेशी फुगतात. होलमधून ते उघड्या पेशींवर पोचलं तर धोका आणखी वाढतो. काही रुग्णांच्या दृष्टिक्षेत्रात दोष आढळले आहेत. त्याचा अंश डोळ्यात काही महिने दिसतो, हेही खरं. ब्रिलियंट ब्लूचं तसं नाही.

आणि रंगाशिवाय? सोलायचा थर काही मायक्रॉनचा, पारदर्शक. न दिसणारा थर चिमट्याने पुन्हा पुन्हा चाचपडला, तर खालचे मज्जातंतू ओरबाडले जातात.

विचारायचंच असेल, तर रंगाची सिरिंज कंपनीची सीलबंद आहे की फार्मसीत भरलेली, हे विचारा. २०१२ मध्ये अमेरिकेत एका कंपाउंडिंग फार्मसीच्या, म्हणजे औषध स्वतः तयार करून भरणाऱ्या दुकानाच्या, ब्रिलियंट ब्लूमुळे रुग्णांच्या डोळ्यांत बुरशीचा संसर्ग झाला. दोष रंगाचा नव्हता, तो भरताना निर्जंतुकपणा पाळला नाही त्याचा होता.