डिजिटल अरेस्टनंतर घरात होणारी दुसरी उलटतपासणी

डिजिटल अरेस्ट म्हणजे खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून माणसाला घरातच अडकवतात आणि पैसे उकळतात ती फसवणूक. तिच्यात आयुष्यभराची पुंजी गेली की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो. "एवढे शिकलेले तुम्ही, फसलात कसे?" माझं स्पष्ट मत आहे की ही त्या माणसाची दुसरी उलटतपासणी असते. पहिली खोट्या पोलिसांनी घेतली, दुसरी घरचे घेतात. आणि या दुसरीचा घाव बरा व्हायला जास्त वेळ लागतो, कारण ती आपल्या माणसांनी घेतलेली असते.

आधी हे नीट समजून घेऊ की ही फसवणूक हावेवर चालत नाही. दामदुपटीच्या योजनेत थोडा तरी मोह असतो, इथे तोही नाही. इथे लागते ती कायद्याची भीती आणि साहेबाचा शब्द पाळायची सवय. म्हणून निवृत्त अधिकारी, शिक्षक, डॉक्टर यांत सापडतात. २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्यासारखा मुरलेला उद्योजक सात कोटी रुपये देऊन बसला. त्यांना व्हिडिओ कॉलवर खोटं सर्वोच्च न्यायालय दाखवलं, खोटे सरन्यायाधीश बसवले. नंतर ते उघडपणे बोलले, हे त्यांनी फार चांगलं केलं.

आता कॉलची रचना बघा. सुरुवात कुरिअरवाल्याची किंवा 'ट्राय'च्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नावाची. तुमच्या आधारवर पार्सल निघालंय, त्यात अमली पदार्थ सापडलेत. मग कॉल 'मुंबई क्राइम ब्रँच'कडे जोडला जातो. तिथे एक दमदाटी करतो आणि दुसरा मऊ बोलतो, "काका, तुम्ही सज्जन दिसता, मी साहेबांशी बोलतो." हा दुसरा जास्त धोकादायक, कारण माणूस त्याला धरून बसतो. मग अट येते: कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, सांगितलंत तर मुलालाही अटक होईल. झोप नाही, जेवण धड नाही, बाजूला विचारायला कुणी नाही. अशा अवस्थेत दोन दिवस काढल्यावर कुणाचीही विचारशक्ती शाबूत राहत नाही. आणि पैसे 'द्या' असं कुणी म्हणतच नाही. 'तपासणीसाठी सरकारी खात्यात ठेवा, पडताळणी झाली की परत' असं सांगतात, वर रिझर्व्ह बँकेच्या नावाची पावतीही पाठवतात. पहिला आरटीजीएस, म्हणजे बँकेतून मोठी रक्कम पाठवायचा व्यवहार, गेला की दुसरा नाकारणं कठीण होतं, कारण नाकारलं तर पहिलाही बुडाला हे मान्य करावं लागतं.

लोक विचारतात, बँकेत एफडी मोडताना कुणी विचारलं नाही का? अनेकदा विचारतात. पण उत्तरही पढवून पाठवलेलं असतं: जागा घेतोय, नातवाच्या शिक्षणाला हवेत. माणूस त्या वेळी खोटं बोलतो ते मुलाला वाचवतोय असं समजून. पुढे त्याला सगळ्यात जास्त टोचतं तेही हेच, की मॅनेजरसमोर मी स्वतः खोटं बोललो.

पैसे गेल्याचं कळलं की रडारड नंतर, आधी १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडकण्याची शक्यता जास्त, कारण ती काही तासांत भाड्याच्या खात्यांतून पाच-दहा ठिकाणी पांगते आणि एटीएम किंवा क्रिप्टोतून बाहेर पडते. फोन करताना हाताशी हवं: प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, समोरचा खाते क्रमांक आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेने दिलेला क्रमांक. आरटीजीएसचा यूटीआर २२ अक्षरांचा असतो, यूपीआयचा क्रमांक १२ आकडी. घाईत एखादा आकडा चुकला की साखळी तिथेच तुटते, म्हणून दुसऱ्या कुणीतरी पासबुकावरून वाचून दाखवावा. तक्रारीचा क्रमांक मिळाला की राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बाकी तपशील भरा, बँकेला लेखी कळवा आणि पोलीस ठाण्यात एफआयआरचा आग्रह धरा. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेला गुन्हा, कुठल्याही ठाण्यात होतो. चॅट, कॉलची यादी, ती खोटी पावती, काहीही पुसू नका. शरमेपोटी सगळं डिलीट करणारे बरेच असतात.

एक कटू गोष्ट घरच्यांनी आधीच माहीत करून घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यावर जे संरक्षण दिलं, ते ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी. इथे पैसे स्वतःच्या सहीने गेलेले असतात, त्यामुळे बँक सहसा हात वर करते. "तुम्हीच पाठवलेत ना?" हे वाक्य काउंटरवर ऐकावं लागतं. तेव्हा बँकेत त्या माणसाला एकटं पाठवू नका.

तक्रारीसाठी घटनाक्रम एकदाच लिहून काढा, तारीख-वेळेसह, दोन-तीन पानं. पोलिसांना तेच, बँकेला तेच, वकिलाला तेच. चौकशीला येणाऱ्या मावशी-आत्यांना मात्र त्यातलं काहीच नाही. प्रत्येक पाहुण्याला पहिल्यापासून गोष्ट सांगायला लावणं म्हणजे तो कॉल पुन्हा पुन्हा लावून देणं.

पहिल्या काही आठवड्यांत फोन वाजला की छातीत धस्स होणं, पहाटे तीनला जाग येणं, तेच संवाद डोक्यात फिरणं, हे अपेक्षितच आहे. रिंगटोन बदला, अनोळखी नंबर शांत ठेवायची सोय सुरू करा. पण दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, बोलणं जागेवर येत नसेल तर डॉक्टरांकडे न्या. आणि "मी ओझं झालोय", "माझा विमा तरी कामाला येईल" असं काही कानावर पडलं तर वाट बघत बसू नका. त्याच क्षणी सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं उचलून ठेवा, आणि सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर लावा. ती मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

मुलं एक चूक हमखास करतात. बाबांचा मोबाइल काढून घ्यायचा, नेटबँकिंग बंद, एटीएम कार्ड सुनेकडे. काळजीपोटी असतं, मान्य. पण ज्या माणसाचा स्वतःच्या निर्णयावरचा विश्वास आधीच उडालाय, त्याला आपण लेखी दाखला देतो की तू आता कामाचा नाहीस. त्यापेक्षा एका छोट्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवा, यूपीआय त्या खात्यालाच जोडा, पिन त्यांच्याकडेच राहू द्या. मोठ्या रकमेसाठी मर्यादा ठरवा आणि त्यापुढे चोवीस तास थांबायचं, दोघांनी मिळून ठरवायचं. हा नियम घरातल्या सगळ्यांना लावा, नाहीतर ती शिक्षाच वाटते. पेन्शन, औषधं, हप्ते यांचा हिशेबही त्यांच्यासोबतच बसून करा. खड्डा केवढा आहे ते कागदावर दिसलं की रात्री त्याचा आकार वाढत नाही.

नंतर आणखी एक कॉल येऊ शकतो. "आम्ही सायबर सेलमधून, तुमची रक्कम सापडली, फक्त प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी भरा." फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि शरमेने गप्प असलेला माणूस या दुसऱ्या सापळ्यासाठी आयता असतो, कारण पैसे परत आणून चूक धुऊन काढायची त्याला घाई असते. त्याला घरात मोकळेपणी बोलता येत असेल तरच हा कॉल तुमच्यापर्यंत पोहोचेल.

खरी रक्कम परत मिळते ती खात्यांत अडकलेल्या पैशांतूनच, मोठी रक्कम असेल तर सहसा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने, काही ठिकाणी लोकअदालतीतून. कुणीही त्यासाठी फोनवर शुल्क मागत नाही. महिने जातात आणि बहुतेकदा हातात एक हिस्साच येतो. कोणत्या बँकेत नेमकी किती रक्कम अडकली आहे ते तपास अधिकाऱ्याकडून आधी काढा, मगच वकिलाची फी ठरवा.