परीच्या झाडासाठी महामार्ग वळवला? नाही

"आयर्लंडमध्ये सरकारने परीच्या झाडासाठी महामार्गच वळवला. तिथले शेतकरी इतके भोळे, की पऱ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांना आजवर कुणी हात लावलेला नाही." हा मजकूर सध्या जोरात फिरतोय. वाचायला गोड आहे, पण बराचसा चुकीचा आहे.

आधी महामार्ग. गोष्ट 1999 ची, क्लेअर परगण्यातल्या लॅटूनची. रस्त्याच्या कामात हॉथॉर्नचं एक एकाकी काटेरी झुडूप जाणार होतं. लोककथाकार एडी लेनिहान यांनी जाहीर विरोध केला. मन्स्टर प्रांतातल्या पऱ्यांची अदृश्य फौज कॉनाख्ट प्रांतातल्या पऱ्यांशी लढायला जाते तेव्हा इथे जमते, झुडूप तोडलं तर या रस्त्यावर अपघात होतील, असं त्यांचं म्हणणं. अभियंत्यांनी पाहणी केली, तेव्हा झुडूप आराखड्यातच सामावून घेता येईल असं दिसलं. महामार्ग कुठेही वळला नाही, झुडपाभोवती कुंपण आलं, एवढंच. आणि "कुणी हात लावत नाही" म्हणाल, तर 2002 मध्ये याच झुडपाच्या फांद्या कुणीतरी करवतीने छाटल्या. ते पुन्हा फुटलं.

ते "किल्ले" म्हणजे हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे वाडे. भोवती मातीचा गोल बांध, आत घर. देशभरात अशा सुमारे 45,000 जागा नोंदलेल्या आहेत. केरी परगण्यातल्या लिस्टोवेल गावाच्या नावातला 'लिस' म्हणजे हाच बांध, आणि तो तुआहल नावाच्या माणसाचा. गावाच्या नावात मालक आहे, परी नाही.

हात लावला नाही, हेही खोटं. विसाव्या शतकात बुलडोझर आले आणि कितीतरी बांध सपाट झाले. जे उरले, त्यांत कायद्याइतकाच पऱ्या कोपतील या जुन्या धास्तीचा वाटा आहे. बाप सांगून गेला, तिथे नांगर घालू नकोस. मुलाचा विश्वास असो-नसो, दावणीची गाय पणाला कोण लावणार? याला मी भोळेपणा म्हणणार नाही. या सावधपणामुळेच पुरातत्त्वाचा मोठा ठेवा शेतात शाबूत राहिला.

या मजकुरासोबतच्या फोटोतली पंखवाली चिमुकली परी तर व्हिक्टोरियन चित्रांतून आलेली. आयरिश म्हाताऱ्यांच्या गोष्टींतले परीलोक माणसांसारखेच, आणि त्यांना राग येऊ नये म्हणून 'भली माणसं' म्हणायचं. 1937 ते 1939 या काळात शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून अशा गोष्टी ऐकून वहीत उतरवल्या. त्या वह्या आज इंटरनेटवर खुल्या आहेत. मजकूर पुढे ढकलण्याआधी त्यातलं एखादं पान वाचा.