गाडीला चांगलं ते टाक

आज पंपावर जे बघितलं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

माझ्या पुढे एक काका होते, पासष्टीच्या आसपासचे. छोटी हॅचबॅक, बरीच जुनी, पण काचा लख्ख पुसलेल्या, सीटला धुतलेली कव्हरं, माणूस गाडीला जीव लावतो हे लांबूनच कळत होतं. पंपावरच्या मुलाने विचारलं, "काका, प्रीमियम टाकतो, इंजिनची लाइफ वाढते." काकांनी पाकीट उघडलं, आतल्या नोटा अंगठ्याने चाळल्या, जरा घुटमळले आणि म्हणाले, "टाक, गाडीला चांगलं ते टाक." आणि त्याच वेळी त्या टाकीच्या उघड्या झाकणाच्या आत स्टिकर होता, अनलेडेड (म्हणजे शिसं नसलेलं पेट्रोल), किमान ९१ ऑक्टेन. मी बाजूलाच उभी होते, स्पष्ट वाचता येत होता. कंपनीने स्वतः लिहून ठेवलंय की या गाडीला ९१ पुरतं, आणि त्याच्यापासून चार बोटांवर प्रीमियमचं, म्हणजे जास्त ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलचं, नोझल.

त्या मुलावर माझा राग नाही, त्याला जे बोलायला शिकवलंय ते तो बोलतो. राग शिकवणाऱ्यांवर आहे.

कारण ते "गाडीला चांगलं" हे शब्द मी आमच्या घरात नऊ वर्षं ऐकलेत. बाबांची गाडी १.२ लिटरची, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा भाग) वगैरे काही नाही, साधं सरळ इंजिन. घेतली तेव्हाच कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की साध्या पेट्रोलने इंजिन लवकर जातं. झालं, तेव्हापासून प्रीमियम. ते स्वतः चष्म्याची काडी तुटली तर दोरा गुंडाळून वर्ष काढणारे, पण टाकी भरताना काटकसर नाही. डॅशबोर्डच्या खणात त्यांची एक छोटी डायरी असायची. तारीख, किलोमीटर, लिटर, आणि शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज. प्रीमियम निळ्या पेनाने, आणि कुठे प्रवासात ते मिळालंच नाही तर नाइलाजाने भरलेलं "साधं" लाल पेनाने.

आता जरा इंजिनबद्दल, कारण हे आपल्याला कुणी नीट सांगतच नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका जागेवरून पसरत जाते. पण दाब आणि उष्णता फार झाली तर ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि इंजिन टकटक वाजतं, तेच नॉकिंग. हे असं अवेळी पेटणं पेट्रोल किती टाळू शकतं, एवढंच तो आकडा सांगतो. आयसोऑक्टेनला १०० धरलंय आणि हेप्टेनला ०, आणि ९१ म्हणजे चाचणीच्या इंजिनमध्ये ते पेट्रोल ९१ टक्के आयसोऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं. बस, यात ताकद कुठे आली? इथेनॉलचंच बघा ना, त्याचं ऑक्टेन १०० च्या वर आहे आणि तरी लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी.

म्हणजे तुमच्या इंजिनमध्ये दाबच बेताचा असेल आणि ९१ वर ते वाजतच नसेल, तर ९५ काय आणि ९८ काय, त्याला कळतसुद्धा नाही. जे दुखतच नाही त्याचं औषध आपण दर आठवड्याला विकत घेतोय.

बाबा गेल्यावर ती डायरी माझ्याकडे आली. एका रात्री झोप येत नव्हती म्हणून लाल ओळी वेगळ्या काढल्या आणि निळ्या वेगळ्या. लाल कमी होत्या, पण होत्या बऱ्याच. दोन्हीकडे सोळाच्या आसपास. कुठे लाल थोडं वर, कुठे निळं. सोळा, सोळा, सोळा. त्यांनी स्वतःच्या हाताने, इतक्या नेटक्या अक्षरात, उत्तर लिहून ठेवलं होतं आणि ते कधी त्यांना दिसलंच नाही, कारण प्रीमियम चांगलं हे मनात आधीच पक्कं होतं.

हो, टर्बोवाले आता येतील कमेंटमध्ये. मान्य आहे. ज्या इंजिनमध्ये दाब जास्त आहे, ज्यांच्या मॅन्युअलमध्ये जास्त ऑक्टेन लागतंच असं लिहिलंय, त्यांनी तेच टाकायचं, तिथे चालढकल नको, इंजिनचं नुकसान होईल. आणि नुसती शिफारस असेल आणि साधं टाकलं, तर नॉक सेन्सर टकटक ओळखतो, कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे घेतो, ताकद आणि ॲव्हरेज थोडं घटतं, गाडी चालते. अशा गाडीला प्रीमियमचा फायदा होतो, नाही म्हणत नाही. पण त्या काकांची गाडी त्यातली नव्हती, बाबांचीही नव्हती, आणि तुमच्यापैकी बहुतेकांची नसणार.

आणि दुसरं ते "इंजिन आतून साफ राहतं". काही प्रीमियममध्ये साफ करणारी रसायनं जास्त असतात, ठीक आहे, हेही मान्य. पण त्याचा ऑक्टेनशी काही संबंध नाही, ती साध्या पेट्रोलमध्येही घालता येतात आणि घालतातही. शिवाय डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हला (हवा आत घेणाऱ्या झडपेला) ते लागतच नाही, मग तो साफ कसा करणार? गाडीची एवढीच काळजी असेल तर ऑइल वेळेवर बदला, एअर फिल्टर बघा, टायरमधली हवा बघा. बाबांच्या डायरीत ऑइल बदलल्याची एक तारीख चार महिने उशिराची आहे. चार महिने! आणि त्या चार महिन्यांत प्रत्येक टाकी निळ्या पेनाने. हे वाचून मला खरंच रडू आलं होतं. ऑइलचे पैसे पेट्रोलात गेले, आणि बिचारे समजत होते की आपण गाडीची काळजी घेतोय.

आणि हे एकट्या बाबांचं नाहीये. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६ साली काढलं होतं की तिथल्या १ कोटी ६५ लाख चालकांनी वर्षभरात गरज नसताना प्रीमियम भरलं, जवळजवळ २१० कोटी डॉलर वाया. एवढ्या लोकांना एकदम कुणी मूर्ख म्हणू नका प्लीज. ही गाडीवर माया करणारी माणसं आहेत आणि त्या मायेवरच धंदा चाललाय.

त्या स्टिकरवरचा "अनलेडेड" शब्द पण बघा कधीतरी. हाच ऑक्टेनचा आकडा वाढवायला १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिसं मिसळत होते, विष! इंजिन छान चालतं म्हणून. ते गाड्यांच्या पेट्रोलमधून जगभरातून जायला २०२१ उजाडलं, शेवटचा देश अल्जेरिया. इंजिनला चांगलं आहे असं म्हटलं की आपण पुढे काही विचारतच नाही, ही सवय तेव्हापासूनची.

मी चिडून लिहितेय हे कळतंय मला. खरं तर राग माझ्यावरही आहे. आज मी झाकणावरचं वाचलं होतं, दोन पावलं पुढे जाऊन "काका, इथे ९१ लिहिलंय, साधं चालेल तुम्हाला" एवढंच म्हणायचं होतं. मी शब्द जुळवेपर्यंत मीटर पळायला लागला होता. काकांनी नोटा दोनदा मोजून दिल्या, झाकण स्वतःच्या हाताने लावलं, रुमालाने त्याच्या कडेचा डाग पुसला आणि गेले.

उद्या सकाळी खाली उतरलात की आपापल्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते बघा, तिथे नसेल तर मॅन्युअल उघडा, आणि आकडा खाली कमेंटमध्ये टाका. आईबाबांच्या गाडीचा पण बघा, त्यांच्या गाडीचा आधी बघा.