ग सायलेंट आहे

लेकीला बढती मिळाली आणि शिक्षा आम्हाला झाली. ‘पार्टी माझी, म्हणून जागाही माझ्या पसंतीची,’ असं ती म्हणाली, तेव्हा मी मनाने आमच्या इंदूरच्या खाऊगल्लीत, छप्पन दुकानला, पोचलोसुद्धा होतो. निघालं विजय नगरकडचं एक उंची इटालियन रेस्टॉरंट. तिथे जेवायचं तर चार दिवस आधी फोन करून टेबल राखावं लागतं. चार दिवसांनी मला भूक लागेल की नाही, हे मी आजच कसं सांगणार?

राजेंद्र नगरहून गाडी सुटली तशी आचारसंहिता लागू झाली. वेटरला इंदुरी थाटात ‘भिया’ (म्हणजे भैया) म्हणायचं नाही. कांदा-लिंबू मागायचं नाही. भाव वाचून ‘अगंबाई’ म्हणायचं नाही (हे कलम बायकोसाठी). ‘आणि बाबा, खिशातली ती पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याची पुडी गाडीतच ठेवा.’ मी ठेवली. दुसरी दुसऱ्या खिशात होती.

सोबत माझी आत्या होती. वय ८१, गुडघे त्याहून पाचेक वर्षांनी मोठे. आत शिरलो तर असा अंधार, की मला वाटलं लाइट गेली. सोफे इतके खोल, की आत्या त्यात बसली नाही, बुडाली. टेबलावर फक्त तिची हनुवटी उरली. वेटरने पावाचे तुकडे आणून ठेवले आणि बाजूला एका बशीत तेल. आत्याने बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘वात घालायची राहिली वाटतं रे?’

मेन्यू मोबाईलच्या टॉर्चवर वाचावा लागला. त्यातला एकच पदार्थ मला धडपणे वाचता आला, म्हणून मी रुबाबात म्हणालो, ‘एक ग्नोची.’

‘सर, न्योकी,’ वेटर अदबीने म्हणाला. ‘ग सायलेंट है.’

उभा जन्म इंदूरात काढून मी ज्ञानेश्वराला ‘ग्यानेश्वर’ ऐकत आलोय. तिथे नसलेला ग लोक घुसवतात, त्याला मी हरकत घेतली नाही. पण इथे छापलेला ग गिळायचा? पैसे तर त्याचेही लावले असणार! बरं, न्योकी म्हणजे काय, तर बटाटा उकडून त्यात मैदा मळून केलेल्या गोळ्या. मी ती रद्द केली. बटाट्याच्या गोळीसाठी एवढा अपमान नको.

मग ‘आल्यो ए ओल्यो’ मागवलं. नाव एखाद्या आलापासारखं, अर्थ ‘लसूण आणि तेल’. भाव ७४५ रुपये. इथे माझं पित्त खवळलं. कारण मी ३१ वर्षं छावणीच्या धान्य मंडीत एका आडतीवर मुनीमकी केली आहे आणि पास्ता कशाचा होतो हे मला चांगलं ठाऊक आहे. तो होतो कठिया गव्हाच्या रव्याचा. ज्याला हे लोक ड्युरम म्हणतात, तो कडक, पिवळसर, काचेसारखा दाणा माझ्या हाताखालून पोत्यांनी गेलाय. त्याच्याच जाड्या पिठाचे बाफले, म्हणजे उकडून भाजलेले गोळे, आम्ही तुपात बुडवतो. इंदूरच्याच गहू संशोधन केंद्राने काढलेली ‘पुसा तेजस’ ही जात पास्त्यालाही चालते आणि पोळीलाही. म्हणजे हा इटालियन माणूस आमच्या मांडवातलाच निघाला, फक्त सूट घालून आलेला!

नॅपकिनवर बोटानेच हिशेब मांडला. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये, म्हणजे किलोला सव्वाचोवीस. एका प्लेटीत कोरडा पास्ता फार तर शंभर ग्रॅम. कोंडा, घट-तूट धरून गहू लागला चार रुपयांचा. मग ७४१ रुपये लसणाचे आणि तेलाचे? लेक म्हणाली, ‘बाबा, अँबियन्सचे पण असतात.’ म्हणजे अंधाराचे.

बायकोने ‘ओर्झो’ सांगितलं होतं. ते आल्यावर आत्याने त्यातला एक दाणा चिमटीत धरला, टॉर्चसमोर नेला आणि सोफ्यातून निम्मी वर आली. ‘अरे, हे तर गव्हले!’

आणि खरंच गव्हलेच की हो! ओर्झो म्हणजे इटालियनमध्ये जव. दिसतो तांदळासारखा, असतो गव्हाचा. मंडीत कुणी असा माल उतरवला असता तर मी गाडी परत पाठवली असती. पण आत्या हरखली. तिला लग्नघरं आठवली. गव्हल्यांचा मुहूर्त, परातीभोवती बसलेल्या बायका, दोन बोटांत फिरणारी रव्याची तार आणि सुपात पडणारे जिऱ्याएवढे दाणे. त्यांच्यात कोण भरभर वळते यावरून सुनेची परीक्षा व्हायची. मालत्या, नखुले, बोटवे, फेणुले अशी एकेक नावं ती घेत गेली. माझी आजी वळायची ते नखुले, असं मी म्हणालो तर म्हणाली, ‘तिचे जाडेभरडे असायचे.’ साठ वर्षांनीही वहिनी-नणंदांचा हिशेब मिटलेला नव्हता... चुकलो, आईचा आणि लेकीचा. आत्याने स्वतःच्या आईलाही सोडलं नाही.

तिला हरखलेली पाहून वेटरलाही जोर चढला. म्हणाला, आमच्याकडे ओरेक्यित्ते पण आहे, म्हणजे छोटे कान. फारफाल्ले पण आहे, फुलपाखरं.

‘हाताने करता?’ आत्याने विचारलं.

‘नहीं माताजी, पैकेट का आता है.’

‘मग एवढे पैसे कशाचे?’ ती मराठीत म्हणाली. वेटरला मराठी कळत नसावं, पण तो खाली बघू लागला.

माझं आल्यो ए ओल्यो, म्हणजे लसूण-तेलातलं स्पॅगेटी, आलं. कच्चं. वेटर म्हणाला, त्याला ‘अल देन्ते’ म्हणतात, दाताला जाणवेल असं शिजवायचं. आत्याने एक शेवई तोंडात घेऊन काढली आणि म्हणाली, ‘माझे दात घरी डबीत आहेत. यांना फोनवर आधी विचारता आलं नाही?’

अंधाराचे पैसे दिलेच होते, तर तो वापरावा म्हटलं. खिशात हात घातला आणि प्लेटीवर जीरावन भुरभुरवलं. चव एकदम माणसात आली. पण वास लपतो होय! वेटर हातभर लांबीचं मिऱ्याचं लाकडी यंत्र काखेत घेऊन येत होता, तो थबकला. नाक फुगवलं, इकडेतिकडे पाहिलं, माझ्या कानाशी वाकला आणि हळूच विचारलं, ‘घर का है?’

‘हाँ भिया,’ मी म्हणालो. लेकीने कपाळाला हात लावला.

शेवटी तिरामिसू आलं. मूळ कृतीत अंडं असतं, इथे बिनअंड्याचं आहे, असं आत्याला दोनदा सांगावं लागलं. तिने चमचा घातला. ‘कॉफीत बिस्कीट पडलंय यांचं. आपण चमच्याने काढून गुपचूप खातो, हे बशीत मांडतात.’ पण खाल्लं मात्र सगळं. मग वेटरला नावाचा अर्थ विचारला. तो म्हणाला, ‘माताजी, इसका मतलब है, मुझे ऊपर उठाओ.’

बिल आलं, लेकीने कार्ड दिलं, मी रकमेकडे पाहायचं टाळलं. आम्ही उठलो. आत्या मात्र सोफ्याच्या तळाशी होती तिथेच. दोनदा जोर लावला, गुडघे काही ऐकेनात. मग तिने दोन्ही हात वेटरसमोर धरले आणि अगदी ठेक्यात म्हणाली,

‘बेटा, तिरामिसू.’